सीटॅफवर कुणीच ऐकू येत नाही? टॉवर नसलेल्या विमानतळावर रेडिओ कसा तपासायचा

"सीटॅफवर चिटपाखरूही नव्हतं, आणि फायनलला वळलो तर समोर पायपर!" अमेरिकेत विमान शिकणाऱ्या किंवा शनिवार-रविवारी भाड्याचं सेसना घेऊन उडणाऱ्या आपल्या लोकांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. (सीटॅफ म्हणजे टॉवर नसलेल्या विमानतळावरची सगळ्यांची सामायिक रेडिओ फ्रिक्वेन्सी, फायनल म्हणजे उतरण्याआधीचा धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा, आणि पायपर हे छोटं विमान.) कधी ती उलट्या बाजूने येते: "मी सगळे कॉल दिले, तरी तो माणूस खाली उतरल्यावर माझ्यावर डाफरला की तू काहीच बोलला नाहीस." दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. रेडिओ ठणठणीत असतो, पण कुठलं तरी बटण, आकडा किंवा प्लग जागेवर नसतो. आणि रेडिओ खरंच बिघडलेला असतो तेव्हा तो सहसा पूर्ण मरत नाही, अर्धवट चालत राहतो. म्हणून तर ते लवकर ध्यानात येत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे साधारण ५,००० विमानतळ आहेत आणि टॉवर आहे सुमारे ५०० ठिकाणी. उरलेल्या ठिकाणी कंट्रोलर नाही. सगळे वैमानिक एका सामायिक फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा आणि इरादा सांगतात आणि दुसऱ्यांचं ऐकतात. हीच सीटॅफ. बहुतेक अशा ठिकाणी जमिनीलगत क्लास जी (अनियंत्रित हवाई क्षेत्र) आणि ७०० किंवा १,२०० फुटांपासून वर क्लास ई (नियंत्रित क्षेत्र) असतं, आणि डोळ्यांनी बघून उडणाऱ्या विमानाला दोन्हींत कुणाशीही बोलण्याची सक्ती नाही. भारतात आरटीआर (ए), म्हणजे वैमानिकांच्या रेडिओ परवान्याची, परीक्षा घासून पास झालेल्या मुलांना इथे पहिला धक्का हाच बसतो: समोरच्या विमानात रेडिओ नसणं बेकायदा नाही. जुनी पायपर कब, एअरोंका चॅम्प अशी विद्युत यंत्रणाच नसलेली विमानं आजही पॅटर्नमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरलेल्या चौकोनी मार्गावर, असतात, आणि त्यांना तिथे असण्याचा तुमच्याइतकाच हक्क आहे.

तेव्हा शांततेचे तीन अर्थ निघतात. खरंच कुणी नाही. कुणी आहे पण बोलत नाही. किंवा बोलतंय पण तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. पहिले दोन तुमच्या हातात नाहीत. तिसरा मात्र विमान पॅटर्नमध्ये शिरण्याआधी, दहा मैलांवर असतानाच निकाली काढता येतो. खालचा क्रम मुद्दाम असा लावलाय की जे सगळ्यात जास्त वेळा घडतं ते आधी येईल. लोक नेमकं उलट करतात, पहिला संशय अँटेनावर घेतात.

आधी आकडा

फ्रिक्वेन्सी चुकलेली असणं हे पहिलं कारण, आणि ते बऱ्याच अंतराने पहिलं आहे. सीटॅफ म्हणून बहुधा युनिकॉमची, म्हणजे विमानतळावरच्या बिगरसरकारी रेडिओ केंद्राची, फ्रिक्वेन्सी असते, आणि या फ्रिक्वेन्सी एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की गोंधळ व्हायलाच हवा: १२२.७, १२२.७२५, १२२.८, १२२.९७५, १२३.०, १२३.०५, १२३.०७५. जिथे युनिकॉमच नाही तिथे मल्टिकॉम नावाची सामायिक फ्रिक्वेन्सी, १२२.९. आता जुन्या केएक्स-१५५ सारख्या सेटवर हे कसं दिसतं बघा. त्याच्या पडद्यावर दशांशानंतर दोनच आकडे मावतात. १२२.७२५ लावलं की दिसतं १२२.७२, आणि १२२.९७५ लावलं की १२२.९७. त्या २५ किलोहर्ट्झच्या पायरीसाठी आतली छोटी घुंडी बाहेर ओढावी लागते. ती न ओढताच फिरवली तर १२२.७० वरून थेट १२२.७५ वर उडी जाते. १२२.७५ ही खासगी विमानांनी आपसात बोलण्याची फ्रिक्वेन्सी. तिथे दोन मित्र दुपारी बर्गर कुठे खायचा याची चर्चा करत असतात, आणि नवख्या माणसाला वाटतं, वा, रेडिओ उत्तम चालतोय.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे फ्रिक्वेन्सी लावलीय, पण स्टँडबायला. इंजिन सुरू करण्याआधी हवामान ऐकायला एडब्ल्यूओएस (विमानतळाचं स्वयंचलित हवामान प्रसारण) लावलेलं असतं, सीटॅफ शेजारच्या खिडकीत तयार ठेवलेली असते, आणि अदलाबदलीचं बटण दाबायचं राहून जातं. एडब्ल्यूओएसचा यांत्रिक आवाज नको म्हणून व्हॉल्यूमही खाली केलेला असतो. मग टॅक्सीचा कॉल, धावपट्टीवर जाण्याचा कॉल, सगळे कॉल त्या हवामानाच्या फ्रिक्वेन्सीवर जातात. ऐकणारं कुणी नाही, आणि कानात छान शांतता.

तिसरा, जुना आकडा. सेक्शनल चार्ट (वैमानिकांचे नकाशे) आणि चार्ट सप्लिमेंट (विमानतळांची माहितीपुस्तिका) ५६ दिवसांच्या चक्राने निघतात आणि सीटॅफ अधूनमधून बदलते, विशेषतः एका परिसरात एकाच आकड्यावर फार गर्दी झाली की. "मी इथे नेहमी येतो, १२२.८ आहे" हे म्हणणारा माणूसच यात सापडतो. चार्टवर विमानतळाच्या माहितीत निळ्या किंवा किरमिजी वर्तुळात सी हे अक्षर असतं, त्याच्या शेजारचा आकडा वाचायचा. आठवणीतला आकडा लावायचा नाही.

अर्धवेळ टॉवरची ठिकाणं वेगळी. टॉवर रात्री बंद झाला की सहसा टॉवरचीच फ्रिक्वेन्सी सीटॅफ होते. तिथे "टॉवर" म्हणून हाक मारत बसलेले लोक मी ऐकले आहेत. उत्तर येत नाही म्हणून ते रेडिओला दोष देतात, आणि तोवर दुसरं विमान त्यांचंच बोलणं ऐकत त्यांच्याभोवती वाट काढत असतं.

मग ऑडिओ पॅनेल

आकडा बरोबर आहे, तरी शांत? हात रेडिओवरून काढा आणि ऑडिओ पॅनेलकडे बघा. बोलण्यासाठी कुठला कॉम (संपर्काचा रेडिओ सेट) निवडलाय आणि ऐकण्यासाठी कुठला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम २ वर बोलतोय आणि कॉम १ ऐकतोय ही अवस्था भाड्याच्या विमानात फार सहज येते, कारण आधीच्या माणसाने पॅनेल त्याच्या सोयीने सोडलेलं असतं. गार्मिनच्या जीएमए ३४० या पॅनेलवर "कॉम १/२" नावाचं एक बटण आहे. ते दाबलं गेलं की डावी सीट कॉम १ वर आणि उजवी कॉम २ वर, असे दोन संसार वेगळे होतात. शेजारी बसलेल्याला सगळं ऐकू येतंय आणि तुम्हाला काही नाही, असं झालं की हे बटण आधी बघा.

इथे सगळ्यात उपयोगी चाचणी फुकट आहे: एडब्ल्यूओएस किंवा तसंच दुसरं हवामान प्रसारण, एएसओएस. ते चोवीस तास बोलत असतं, त्यामुळे "कुणी बोलतच नसेल" ही शंका उरत नाही. ज्या कॉमवर सीटॅफ ऐकणार त्याच कॉमवर, त्याच हेडसेटमध्ये हवामान स्वच्छ ऐकू आलं, म्हणजे अँटेना, केबल, रिसीव्हर, पॅनेल, प्लग, हेडसेट ही अख्खी साखळी शाबूत आहे. आता शंका फक्त आकड्यावर. हवामानही ऐकू आलं नाही, तर दोन्ही कॉमवर लावून बघा. एकावर येतं, दुसऱ्यावर नाही: दोष त्या सेटचा किंवा त्याच्या अँटेनाचा. दोन्हींवर नाही: हेडसेट, प्लग, पॅनेल. दोन सेट सहसा एकाच दिवशी मरत नाहीत.

हेडसेटची अदलाबदल ही दुसरी फुकट चाचणी. विमानातले दोन प्लग वेगळ्या जाडीचे असतात, जाड कानाचा आणि बारीक माइकचा. प्रवाशाच्या गुडघ्याने त्यातला एक अर्धा बाहेर सरकला की नेमकं अर्धंच काम बंद पडतं: ऐकू येतं पण बोलणं जात नाही, किंवा उलट. प्लग नुसता बघून कळत नाही. काढून, फिरवून, पुन्हा घट्ट बसवायचा.

स्क्वेल्च, आणि पाच डॉलरचा चार्जर

स्क्वेल्च म्हणजे रेडिओच्या आतला फाटकवाला. सिग्नल पुरेसा जोरदार असेल तरच आवाज कानापर्यंत सोडतो, नाहीतर खरखर आतच अडवतो. तो फार कडक झाला की दूरचे, कमजोर कॉल गिळून टाकतो. तपासायला सोपं आहे: केएक्स-१५५ मध्ये व्हॉल्यूमची घुंडी बाहेर ओढायची, जीएनएस ४३० मध्ये ती दाबायची. भसाभसा खरखर ऐकू आली तर रिसीव्हर जिवंत आहे आणि व्हॉल्यूमही ठीक आहे. ती खरखर चालू असतानाच तिच्याखाली माणसांचे आवाज ऐकू आले, तर ते आवाज स्क्वेल्च अडवत होता. तसंच उघडं ठेवून उतरा. कानाला त्रास होतो, पण ऐकू येतं.

आता लोक ज्याच्याकडे बघतच नाहीत ते. सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेला स्वस्त यूएसबी चार्जर. त्यातलं स्विचिंग सर्किट हवाई पट्ट्यात, म्हणजे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास, बारीक कचरा सोडत असतं. जवळचा, जोरदार कॉल त्यावर मात करतो; आठ मैलांवरचा त्यात बुडतो. म्हणून जमिनीवर रेडिओ उत्तम आणि हवेत "आज कुणी नाही". ओळखायची रीत अशी: एका कमजोर एडब्ल्यूओएसवर, जे जेमतेम ऐकू येतंय अशावर, कान ठेवा आणि एकेक वस्तू उपटा. चार्जर, डॅशकॅम, टॅबलेटचा पंखा, मग विमानाचे स्वतःचे एलईडी दिवे आणि स्ट्रोब बंद करून बघा. जी उपटल्यावर आवाज एकदम वर येतो ती गुन्हेगार. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढणारी-उतरणारी शीळ असेल तर ती अल्टरनेटरची, तिचा या चार्जरशी संबंध नाही. तो मेकॅनिकचा विषय.

अडकलेलं बटण

पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठी दाबून धरायचं बटण, दाबलेलं राहिलं तर दुहेरी नुकसान होतं. तुम्हाला काही ऐकू येत नाही, कारण सेट बोलण्याच्या स्थितीत आहे. आणि त्या फ्रिक्वेन्सीवरच्या प्रत्येकाला तुमच्या इंजिनाची घरघर ऐकू येते, त्यामुळे त्यांचंही बोलणं बंद. खूण एकच: रेडिओच्या पडद्यावर प्रक्षेपणाचं टीएक्स किंवा टी हे चिन्ह पेटलेलं दिसतं. शांतता संशयास्पद वाटली की पहिली नजर त्या चिन्हावर टाकायची सवय लावा. काही नवे सेट साधारण अर्ध्या मिनिटाने स्वतःहून प्रक्षेपण तोडतात, जुने तोडत नाहीत.

दोषी सहसा जोखडावरचं (विमान वळवायच्या हँडलवरचं) बटण नसतं. दोन सीटांच्या मध्ये खाली जो हातातला माइक लटकवलेला असतो, ज्याला कुणी वर्षानुवर्षं हात लावत नाही, तो असतो. त्याच्यावर पाण्याची बाटली टेकली, किंवा मागच्या सीटवरच्या माणसाने बॅग ढकलली, की झालं. मला विचाराल तर त्या माइकचा प्लग काढून तो खणात ठेवावा आणि गरज लागली तरच जोडावा. जुन्या विमानात व्हेल्क्रोने बांधलेलं वायरवालं पीटीटी असेल तर तेही उपटून बघा. काय उपटल्यावर टीएक्स विझतं त्यावरून उत्तर मिळतं.

माझं जातंय का?

ऐकणं निस्तरलं. बोलणं तपासणं जास्त अवघड, कारण आपला आवाज आपल्याच कानात येतो आणि माणूस त्यावर विश्वास ठेवतो. तो आवाज विमानाच्या आतल्या आत फिरून येऊ शकतो. तो ऐकू आला म्हणजे अँटेनातून काही बाहेर पडलं, असं अजिबात नाही.

रात्री यासाठी एक सुंदर सोय आहे. बऱ्याच विमानतळांवर धावपट्टीचे दिवे वैमानिक स्वतः लावतो: पाच सेकंदांत सात वेळा पीटीटी दाबलं की पूर्ण उजेड, पाच वेळा मध्यम, तीन वेळा मंद. दिवे पेटले म्हणजे तुमची लहर तिथवर पोहोचली आणि आकडाही बरोबर आहे. फक्त दोन अटी ध्यानात ठेवा. काही ठिकाणी दिव्यांची फ्रिक्वेन्सी सीटॅफहून वेगळी असते, ते चार्ट सप्लिमेंटमध्ये बघायचं. आणि क्लिकने फक्त वाहक लहर तपासली जाते, आवाज नाही. माइकची तार तुटलेली असली तरी दिवे लागतात.

दिवसा? काही विमानतळांवर स्वयंचलित युनिकॉम असतं, ठरलेल्या क्लिकांवर ते तुमचंच वाक्य ध्वनिमुद्रित करून तुम्हाला परत ऐकवतं. याहून चांगली रेडिओ चाचणी नाही. ते नसेल तर युनिकॉमला किंवा पॅटर्नमधल्या एखाद्याला एका वाक्यात विचारायचं. पण अ‍ॅप्रनवर (विमानं उभी करण्याच्या जागेत) पन्नास फुटांवर मित्राला हँडहेल्ड, म्हणजे हातातला रेडिओ, घेऊन उभं करून "ऐकू येतंय, ठीक आहे" असा निकाल लावू नका. विमानातला सेट साधारण दहा वॅटचा असतो. अँटेनाची केबल सैल असली, अगदी निघालेली असली, तरी इतक्या जवळ गळकी लहर पोहोचते. तो मित्र तुम्हाला खणखणीत ऐकेल आणि पाच मैलांवरचं विमान काहीही ऐकणार नाही.

ऐकू येतंय, पण भलत्याच गावचं

याच्या अगदी उलट तक्रार कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत किंवा मिडवेस्टच्या सपाट मुलखात जास्त. फ्रिक्वेन्सीवर एवढी गर्दी की आपल्या विमानतळाचं काय चाललंय तेच कळत नाही. कारण भूमितीत आहे. ही लहर सरळ रेषेत जाते; फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून १.२३ ने गुणलं की क्षितिजापर्यंतचे नॉटिकल मैल मिळतात. हजार फुटांवर साधारण ३९, तीन हजारांवर ६७. दोन्ही विमानं तीन हजारांवर असली तर दोघांची क्षितिजं मिळून जवळपास १३५ मैल. मुंबई-पुणे सरळ रेषेत साधारण पासष्ट नॉटिकल मैल, यावरून अंदाज घ्या. आणि युनिकॉमचे आकडे मोजून सात. तेव्हा उंचावर एका १२२.८ वर डझनभर गावांची डाउनविंडं (पॅटर्नमधल्या धावपट्टीला समांतर टप्प्याचे कॉल) एकदम ऐकू येणारच.

म्हणून कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी विमानतळाचं नाव. सुरुवातीचं नाव ऐकून बाकीचे कान टवकारतात. शेवटचं त्याच्यासाठी, ज्याचं पहिलं हुकलं. ऐकताना मीही हेच करतो: नाव आपलं नसेल तर पुढचं वाक्य सोडून द्यायचं. उंचीवरून खाली येऊ लागलात की गर्दी आपोआप ओसरते. त्याची दुसरी बाजू अशी की जमिनीवर, हँगरांच्या मागे उभं राहून टॅक्सी करताना जी शांतता असते ती अर्धवट असते. धावपट्टीशी येऊन, मोकळ्यात, थोडा वेळ कान देऊन मगच पुढे सरकायचं.

दोघे एकदम बोलले तर? हवाई रेडिओत एएम वापरतात, त्यामुळे दोन लहरी एकमेकींवर चढल्या की किंकाळीसारखा आवाज येतो. एफएममध्ये बलवान सिग्नल दुबळ्याला गुपचूप खाऊन टाकतो आणि काही घडलं हेसुद्धा कळत नाही. इथे निदान किंचाळी ऐकू येते. ती आली की समजायचं, दोन कॉल वाया गेले. मग "ब्लॉक्ड" एवढं बोलून थोडं थांबायचं, म्हणजे दोघेही पुन्हा बोलतील. "एनी ट्रॅफिक इन द एरिया, प्लीज अ‍ॅडव्हाइज" हे वाक्य मात्र नको. अमेरिकेची हवाई नियामक संस्था एफएए, तिची पुस्तिका स्पष्ट शब्दांत सांगते की ते कुठल्याही परिस्थितीत वापरू नये, आणि कारण उघड आहे: चार जण एकदम उत्तर देतात आणि पुन्हा तीच किंकाळी.

क्विन्सी

अर्धवट ऐकलेल्या कॉलने काय होतं याचं उदाहरण इलिनॉयमधल्या क्विन्सीचं आहे, आणि टॉवर नसलेल्या विमानतळावर उडणाऱ्याने ते तपशिलात वाचलेलं बरं. १९ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ. युनायटेड एक्सप्रेसची ५९२५ ही फेरी, बीच १९०० हे छोटं प्रवासी विमान, धावपट्टी १३ वर उतरत होती. तिला छेदणाऱ्या धावपट्टी ४ वर किंग एअर जातीचं एक विमान उड्डाणाला तयार, आणि त्याच्या मागे चेरोकी हे आणखी एक छोटं विमान. किंग एअरने आपण धावपट्टीवर जात असल्याचं आधी सांगितलेलं होतं, म्हणजे आकडा बरोबर होता. बीचच्या वैमानिकांनी फ्रिक्वेन्सीवर विचारलं की धावपट्टीवरचं विमान थांबणार आहे का. किंग एअर गप्प. उत्तर दिलं चेरोकीच्या वैमानिकाने, आपण थांबलो आहोत असं. पण मध्येच बीचच्या कॉकपिटमधल्या इशारा यंत्राने "टू हंड्रेड" अशी उंची पुकारली आणि वाक्याचे तुकडे झाले. बीचमध्ये समज झाला की किंग एअरच थांबतेय. त्यांनी आभार मानले आणि उतरले. किंग एअरने त्याच वेळी धाव सुरू केली. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले, धडकेपेक्षाही नंतरच्या आगीने. बीचचं दार उघडता आलं नाही.

एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, संभाव्य कारणात किंग एअरच्या वैमानिकांनी सामायिक फ्रिक्वेन्सी नीट ऐकली नाही आणि नजरही नीट फिरवली नाही, हे लिहिलं. चेरोकीचा तुटलेला कॉल हे सहायक कारण. तपासयादीच्या भाषेत सांगायचं तर: प्रश्न विचारलात आणि उत्तर आलं, तरी उत्तरातलं विमान तुम्ही विचारलेलंच आहे का, हे पुन्हा विचारा. नोंदणी क्रमांक जुळला नाही, नुसता "होल्डिंग" हा शब्द ऐकू आला, तर ते उत्तर आलेलं नाही असं धरा आणि उतरणं सोडून वर जा.

कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिल इथे १८ ऑगस्ट २०२२ ला सेसना १५२ आणि सेसना ३४० फायनलवर धडकले, तिघे गेले. तिथे तर दोन्ही वैमानिक त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत होते. मोठं विमान फार वेगात मागून आलं. रेडिओ पूर्णपणे ठीक असतानाही एवढं होऊ शकतं.

दोन कॉम असतील तर

फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे कंट्रोलरने रडारवर लक्ष ठेवण्याची सेवा, घेणाऱ्यांची एक खास अडचण आहे. कॉम १ वर अ‍ॅप्रोच कंट्रोलरशी बोलणं चालू, आणि कंट्रोलर विमानतळ चार मैलांवर आल्यावर सोडतो. एफएए म्हणतं, सीटॅफ दहा मैलांपासून ऐका. तेव्हा कंट्रोलरची वाट बघू नका. बारा-पंधरा मैलांवरच कॉम २ वर सीटॅफ लावा, आवाज जरा बारीक ठेवा, आणि विमानतळ दिसला की स्वतःहून फ्रिक्वेन्सी बदलायची परवानगी मागा. एकच कॉम असेल तर गार्मिनच्या जीटीआर २२५ सारख्या काही सेटवर स्टँडबाय फ्रिक्वेन्सीही ऐकता येते. मुख्य फ्रिक्वेन्सीवर कुणी बोललं की ती आपोआप बाजूला होते. तेवढ्यात सीटॅफवरचा एखादा कॉल हुकू शकतो, हे धरून चला.

विमानतळांपासून लांब असताना कॉम २ रिकामा असेल तर १२१.५, म्हणजे आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. २००१ च्या हल्ल्यांनंतर एफएएने शक्य असेल त्या सगळ्यांना ही फ्रिक्वेन्सी ऐकत राहायला सांगितलेलं आहे. उपग्रहांनी १२१.५ ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं, त्यामुळे जुन्या ईएलटीचा (अपघातात आपोआप संकेत सोडणाऱ्या यंत्राचा) आवाज आता विमानातल्या माणसांनीच ऐकायचा. (तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत ऐकू आला तर ती बहुधा चाचणी असते.) मध्येच कुणीतरी म्याऊ करतं. अमेरिकन वैमानिकांची ही खोड कशी सुरू झाली कोण जाणे, पण ऐकून दचकू नका.

उतरायचंय आणि खात्री नाही

वरचं सगळं करून झालं, तरी कान बंद. इंधन पुरेसं असेल तर टॉवर नसलेल्या, कमी वर्दळीच्या दुसऱ्या विमानतळावर जाणं सोपं. इथेच उतरायचं तर सरळ फायनल घेऊ नका. पॅटर्नच्या किमान पाचशे फूट वरून मैदान ओलांडा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा बघा, कोण कुठे आहे ते हेरा, बाहेर जाऊन खाली या आणि ४५ अंशांनी डाउनविंडमध्ये शिरा. सगळे दिवे लावा. बोलत राहा, तुम्हाला ऐकू येत नसलं तरी इतरांना येत असेल, आणि "रिसीव्हर बंद आहे" हेही त्यात सांगा. एडीएस-बीचा (आजूबाजूची विमानं दाखवणाऱ्या यंत्रणेचा) पडदा मदतीला घ्या, पण ज्या विमानात वीजच नाही ते त्या पडद्यावर येणार नाही. पिशवीत हँडहेल्ड असेल तर ते हेडसेटला जोडण्याचा अडॅप्टर घरी बसून आधीच जोडून बघितलेला असावा. इंजिनाच्या आवाजात त्याच्या छोट्या स्पीकरवर काही ऐकू येत नाही.

शेवटी मेकॅनिककडे

आता तो अर्धवट बिघाड, जो येतो आणि जातो. आमच्या क्लबच्या एका सेसना १७२ मध्ये कॉम २ कधी उत्तम, कधी बहिरा. बिघाडाच्या वहीत जो तो लिहायचा "कॉम २ खराब", मेकॅनिक हँगरमध्ये चालू करायचा, सेट चालायचा, तो लिहायचा "तपासला, ठीक". हे बराच काळ चाललं. मग एकाने लिहिलं की खडबडीत हवेत जातो आणि सेटच्या तोंडावर अंगठ्याने दाबलं की परत येतो. मेकॅनिकने हेक्स पाना घालून सेट ट्रेमध्ये नीट आवळला. मागचे संपर्क पुरते बसलेच नव्हते. पाच मिनिटांचं काम.

पॅनेलमध्ये ट्रेवर बसणारा रेडिओ काढून पुन्हा बसवणं हे अमेरिकन नियमांत प्रतिबंधक देखभालीत मोडतं. स्वतःचं विमान असलेला प्रायव्हेट पायलट ते करू शकतो, नंतर चालवून तपासायचं आणि लॉगबुकात नोंद करायची. ट्रान्सपाँडर (रडारला ओळख देणारा) आणि डीएमई (अंतर मोजणारं यंत्र) मात्र त्यात येत नाहीत. भाड्याच्या विमानाला हात लावू नका.

ट्रे घट्ट असेल तर पुढचा संशय अँटेनाच्या बुडावर. तिथलं सील गेलं की पाणी शिरतं आणि गंज चढतो. पावसानंतर बिघडतो आणि उन्हात सुधारतो असा रेडिओ दिसला की आधी ते बूड उघडायला सांगा. एव्हिऑनिक्सवाल्याकडे, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराकडे, मीटर असतो. अँटेनाकडे गेलेली किती शक्ती परत फिरते हे तो दोन मिनिटांत सांगतो.

पण त्याला उपयोगी पडेल असं लिहिणं आपल्या हातात आहे. "कॉम २ खराब" ऐवजी असं:

"कॉम २, १२३.०. डावी सीट, हेडसेट बदलून पाहिला, तोच प्रकार. ३,५०० फुटांवर १० मैलांवरचं एएसओएस कॉम १ वर स्वच्छ, कॉम २ वर फक्त खरखर. स्क्वेल्च उघडून फरक नाही. चार्जर काढलेला होता. ५ मैलांच्या आत ऐकू येऊ लागतं. बोलणं पोहोचतं का: ८ मैलांवरून युनिकॉमचं उत्तर नाही, २ मैलांवर 'तुटक' म्हणाले. आदल्या रात्री पाऊस."